घराच्या बाजारात एकटा कामगार

(पिंपरी-चिंचवड परिसरातील कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधी बोललेल्या साथींनी कंत्राटी कामगारांच्या लढ्याचा विषय मांडला. त्यानंतर घर घेण्याच्या आणि विकण्याच्या व्यवहारावर बोलायचे म्हणजे सभेतून उठून एकदम स्वयंपाकघरात जाण्यासारखे आहे, असे काहींना वाटेल. घराचा व्यवहार ही ज्याची त्याची खासगी बाब, तीत पक्षाचा आणि युनियनचा काय संबंध, असा प्रश्न मलाही अनेक वर्षे पडत असे. तो प्रश्न माझ्यापुरता कसा सुटला, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

२००४ सालची गोष्ट. माझ्याच खात्यात काम करणाऱ्या एका मित्राने तळवड्याच्या बाजूला एक गुंठा जागा घेतली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. गावाकडची वाटणीची जमीन विकून आलेले पैसे, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि वहिनींच्या बांगड्या, एवढे त्यात गेले. शंभर रुपयांच्या मुद्रांक कागदावर साठेखत झाले, सोबत एक कुलमुखत्यारपत्र आणि एक ताबा पावती. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी नाही. कोर्टाच्या आवारात नोटरीचा शिक्का मारून घेतला. जागा विकणारा म्हणाला, "इथे सगळ्यांचे असेच झाले आहे." आजूबाजूला पाहिले तर खरोखरच सगळ्यांचे तसेच झाले होते. त्या साठेखतावर साक्षीदार म्हणून एक सही माझी आहे. मी तेव्हा युनियनचा पदाधिकारी होतो. माझी सही आहे म्हणजे कागद नीट असणार, असे मित्राने धरले. आणि सगळ्यांचे असेच झाले आहे म्हणजे ठीकच असणार, असे मी धरले. कागद मी वाचला नव्हता.

ती जागा देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतालच्या निर्बंधित पट्ट्यात आहे, हे आम्हांला पुढे कळले. आपल्या भागात त्याला सरळ 'रेड झोन' म्हणतात. कोठाराच्या हद्दीपासून दोन हजार यार्डांपर्यंत बांधकामास बंदी, आणि ही बंदी १९०३ सालच्या कायद्याखालची. म्हणजे आपले आजोबा जन्मण्याच्या सुमाराचा कायदा. तो विकणाऱ्याला ठाऊक होता, दलालाला ठाऊक होता, घेणाऱ्याला तेवढा ठाऊक नव्हता. मित्राने दोन खोल्या बांधल्या, विजेचे मीटर त्याच्या नावावर आले, महापालिकेची मिळकतकराची पावती आली. ती पावती तो देव्हाऱ्याजवळच्या डब्यात ठेवत असे. बांधकाम अनधिकृत म्हणून पुढे त्याच पावतीवर शास्तीकर चढला. महापालिका घर अनधिकृत म्हणत होती आणि त्याच घराचा करही घेत होती. शासनाने २०२३ साली शास्तीकर माफ केला तेव्हा वस्तीत पेढे वाटले गेले. घर मात्र त्याने अधिकृत झाले नव्हते. पुढे मुलाच्या आजारपणासाठी ते विकायची वेळ आली, तेव्हा कोणतीही बँक त्यावर कर्ज देईना. कर्ज मिळत नाही म्हणजे रोख देणारेच गिऱ्हाईक हवे, आणि रोख देणारा निम्म्यानेच भाव मागतो. मित्राने ते विकले नाही. आजारपणाचा खर्च कर्जाने भागवला. ते कर्ज अजून फिटत आहे.

साथींनो, ही कहाणी एका भोळ्या माणसाची म्हणून सोडून देता येणार नाही. वेतनकरारात शंभर रुपयांच्या वाढीसाठी आपण तीन तीन महिने वाटाघाटी करतो, मसुद्यातील प्रत्येक कलम वकिलाला दाखवतो, 'आणि' असावे की 'किंवा' असावे यावर रात्र रात्र खल करतो. त्याच करारातून मिळालेले पैसे आयुष्यात एकदाच एका जागी गुंतवायचे असतात, आणि तो कागद आपण उभ्या उभ्या, पेन उसने घेऊन सही करतो. कारखान्यात आपण संघटित आहोत. घराच्या बाजारात जमीनमालक, विकसक, दलाल, बँक, सरकारी खाते असे सगळे आपापल्या परीने संघटित आहेत. एकटा आहे तो घेणारा.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. मालकीचा कागद म्हणजे काय? तुम्ही म्हणाल, नोंदणीकृत खरेदीखत. बरोबर आहे, आणि अपुरेही आहे. आपल्याकडचा नोंदणी कायदा १९०८ चा. त्याखाली नोंद होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. दुय्यम निबंधक पाहतो ते एवढेच, की लिहून देणारा आणि घेणारा समोर हजर आहेत, त्यांची ओळख पटली आहे, मुद्रांक शुल्क पुरेसे भरले आहे. लिहून देणाऱ्याला मुळात ती जागा विकण्याचा अधिकार होता की नाही, याचा निवाडा करणे हे त्याचे काम नव्हे. तामिळनाडूतील एका प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. विकणाऱ्याने आपल्या मालकीचा पुरावा दिला नाही म्हणून दस्त नाकारण्याची मुभा तेथील नियमाने निबंधकाला दिली होती. तो नियम न्यायालयाने रद्द ठरवला. सातबाऱ्याचेही तसेच आहे. तो महसुलाचा उतारा. त्यावरील नावाने गृहीतक निर्माण होते, मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. आणि नोटरीच्या कागदाबद्दल तर बोलायलाच नको. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांच्या जोरावर स्थावर मिळकतीची मालकी हस्तांतरित होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. माझ्या मित्राने तोवर त्या घरात सात वर्षे काढली होती.

मग मालकीची हमी कोण देतो? उत्तर असे, की कोणीच देत नाही. शासन मुद्रांक शुल्क घेते, नोंदणी शुल्क घेते, पुढे वर्षानुवर्षे कर घेते; पण ज्या व्यवहारावर हे सारे घेते तो व्यवहार पक्का आहे, असे एका ओळीनेही लिहून देत नाही. घेणाऱ्याने आपली काळजी आपण घ्यावी, हे या व्यवस्थेचे पायाभूत तत्त्व आहे. तीस वर्षांचे दस्त तपासून वकिलाकडून शोध अहवाल घ्यायचा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची, आणि तरीही चूक निघाली तर दिवाणी कोर्टाची पायरी चढायची. ज्याच्याजवळ पैसा आणि सवड आहे त्याला हे जमते. पाळी संपवून संध्याकाळी घरी येणाऱ्याला ते जमत नाही, आणि बाजार नेमका त्याच्याच भोवती उभा असतो.

तुम्ही म्हणाल, गुंठ्याच्या जागेत धोका असतोच; आम्ही रीतसर इमारतीत, बँकेचे कर्ज घेऊन सदनिका घेऊ. कल्याण-डोंबिवलीच्या ६५ इमारतींचे प्रकरण त्यासाठी ध्यानात ठेवा. महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट तयार केल्या गेल्या. त्या बनावट परवानग्या दाखवून स्थावर संपदा प्राधिकरणाची, म्हणजे महारेराची, नोंदणी मिळवली गेली. महारेराचा क्रमांक पाहून लोकांनी घरे घेतली, करार नोंदवले, बँकांनी कर्जे दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. तेथे राहणाऱ्या माणसांच्या हातात नोंदणीकृत दस्त होते, प्राधिकरणाचा क्रमांक होता, बँकेचे मंजुरीपत्र होते. एवढ्या शिक्क्यांपैकी एकाही शिक्क्याने मूळ परवानगी खरी आहे काय, हे महापालिकेला विचारले नव्हते. प्रत्येकाने आधीच्या शिक्क्यावर विश्वास ठेवला. परवानग्यांची पडताळणी स्थानिक संस्थेकडून करून घेण्याची पद्धत महारेराने हे प्रकरण उघडकीस आल्यावर सुरू केली.

आपल्या दाराशी घडलेले दुसरे उदाहरण आहेच. चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत भूखंड पाडून विकले गेले, लोकांनी बंगले बांधले. राष्ट्रीय हरित लवादाने ते पाडण्याचा आदेश २०२४ साली दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि मे २०२५ मध्ये महापालिकेने ३६ बंगले जमीनदोस्त केले. येथे मला एक गोष्ट स्पष्टपणे म्हणायची आहे, कारण आपल्यातच याबद्दल गोंधळ आहे. लवादाचा आदेश चुकीचा होता असे मी मानत नाही. नदीच्या पात्रात घरे बांधू द्यायची आणि पुढे पूर आला की होड्या पाठवायच्या, हे धोरण होऊ शकत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. भूखंड विकणाऱ्याचे पैसे त्याच्या खिशात पडले होते, दलालाची दलाली वसूल झाली होती. ज्या दिवशी पाया खोदला जात होता त्या दिवशी महापालिकेचे अधिकारी कोठे होते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. या साखळीत जो सर्वांत शेवटी आला, त्याचे घर तेवढे पडले.

आता खर्चाकडे येऊ. घराची किंमत आणि घराचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिरातीत फक्त पहिली असते. पुण्यात किंवा आपल्या शहरात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ५० लाखांची सदनिका घेतली असे समजा. मुद्रांक शुल्क स्थानिक संस्थेचा आणि मेट्रोचा अधिभार धरून सात टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणी शुल्क एक टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. म्हणून ३० हजार. वस्तू व सेवा कर पाच टक्के, म्हणजे अडीच लाख. एवढ्यातच सहा लाख तीस हजार झाले. किंमत ४५ लाखांच्या आत आणि क्षेत्र ठरावीक मर्यादेत असेल तर हा कर एकच टक्का लागतो, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर तो लागतच नाही; ही गोष्ट घेणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर विकणाऱ्याला द्यावयाच्या रकमेतून एक टक्का आयकर कापून तो शासनाकडे भरण्याची जबाबदारीही घेणाऱ्याचीच. ते केले नाही तर दंड त्याला. यानंतर विकसकाची यादी येते: सोसायटीची आगाऊ वर्गणी, विजेची जोडणी, वाहनतळ. इमारतीखालच्या खांबांमधली मोकळी जागा वाहनतळ म्हणून स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१० सालापासून आहे. तरी ती विकली जाते, फक्त पावतीवर दुसरे नाव लिहून.

जाता जाता एक गोष्ट. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. २०२१ पासून ती मिळते. आमच्या वस्तीत काही घरे त्यामुळे बायकांच्या नावावर झाली. स्त्रियांच्या मालमत्ता हक्कावर आपण भाषणे पुष्कळ दिली, पण ५० हजार रुपयांच्या बचतीने जे साधले ते भाषणांनी साधले नव्हते, हे प्रामाणिकपणे कबूल करावयास हवे.

कर्जाचा हिशेब मी मुद्दाम वहीवर करून आणला आहे. वरच्याच सदनिकेसाठी १० लाख आपले आणि ४० लाख बँकेचे, व्याज नऊ टक्के, मुदत वीस वर्षे. महिन्याचा हप्ता ३५,९८९ रुपये. पहिल्या महिन्याच्या या हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती? व्याज ३० हजार, मुद्दल ५,९८९. वीस वर्षांत एकूण भरायचे ८६ लाख ३७ हजार. म्हणजे घेतले ४० आणि व्याजच ४६ लाखांवर. पाच वर्षांनी काय स्थिती असते पाहा. साठ हप्त्यांत मिळून साडेएकवीस लाखांहून अधिक भरले गेले आणि मुद्दल फिटली साडेचार लाख. साडेपस्तीस लाख अजून उभेच आहेत.

आता असे धरा, की पाचव्या वर्षी कारखाना हलला किंवा कंत्राट संपले, आणि घर विकावे लागले. आपल्या भागात ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. भाव थोडा चढला आहे, घर ५५ लाखांना गेले. बँकेचे साडेपस्तीस लाख फेडले, दलालाला दोन टक्के दिले, हातात राहिले १८ लाख ४० हजार. या पाच वर्षांत आपण घातले किती? आपले १० लाख, सरकारचे ६ लाख ३० हजार, हप्त्यांचे साडेएकवीस लाख. मिळून ३७ लाख ८९ हजारांच्या आसपास. तूट साडेएकोणीस लाखांची. साठ महिन्यांनी भागा: महिना सुमारे साडेबत्तीस हजार रुपये. घर पाच लाखांनी महाग विकले गेले, शेजाऱ्यांनी अभिनंदन केले, आणि तो माणूस पाच वर्षे साडेबत्तीस हजार रुपये भाड्याच्या घरात राहिला होता, हे त्यालाही कळले नाही. व्याजाची ही रचना बेकायदा नाही. सर्व जगात कर्जाचे हप्ते असेच बसवतात. पण ज्याची नोकरी वीस वर्षे टिकेल याची खात्री कोणी देत नाही, त्याला वीस वर्षांच्या हप्त्याचा करार विकला जातो, यातली विसंगती बँकेच्या टेबलावर बसून कोणी समजावून सांगत नाही. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला वैयक्तिक कर्जदाराकडून घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१२ पासून आहे. बोनस मिळाला की दूरचित्रवाणी संच घेण्याऐवजी पहिल्या पाच वर्षांत मुद्दल फेडावी, एवढा सल्ला मी देतो. तो रुक्ष आहे, हे मान्य.

विकणाऱ्याच्या अडचणींकडे आपले लक्ष कमी जाते, कारण विकणारा म्हणजे फायद्यात असलेला माणूस अशी आपली समजूत. कामगार बहुधा अडचणीत असतानाच विकतो, आणि घाई आहे हे दलालाला पहिल्या भेटीतच समजते. मग विसार म्हणून थोडी रक्कम हातावर ठेवून, नोंदणी न करता, किल्ली मागितली जाते. एकदा ताबा गेला की उरलेल्या रकमेसाठी विकणाराच घेणाऱ्याच्या दारात उभा राहतो. दुसरा सापळा रोखीचा. काही रक्कम पांढरी, काही रोख, म्हणजे दोघांचाही कर वाचेल, असे मधाचे बोट लावले जाते. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेणाऱ्यावर तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो, आणि रोख घेणारा म्हणजे विकणारा. शिवाय ही रोख पुढच्या घरासाठी बँकेला दाखवता येत नाही. शासनाच्या वार्षिक दरतक्त्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीला विक्री दाखवली तर आयकर खाते दरतक्त्याची किंमत धरून दोघांकडेही कर मागते. सोसायटीचेही एक आहे. हस्तांतरणाचे अधिमूल्य महापालिका क्षेत्रात २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे शासनाने २००१ मध्येच ठरवून दिले. त्यापुढची रक्कम 'ऐच्छिक देणगी' म्हणून मागितली जाते आणि ती दिल्याशिवाय चिटणीसांना सही करायला वेळ होत नाही. हे चिटणीस कधीकधी आपलेच कार्यकर्ते असतात. सहकार चळवळीवरच्या आपल्या ठरावांत याचा उल्लेख सापडत नाही.

रीतसर घेतलेल्या, रीतसर हप्ते फेडलेल्या घराखालची जमीन कोणाची, हा प्रश्नही अनेकांना तीस वर्षांनी, इमारत मोडकळीस आल्यावर पडतो. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत जमिनीचे अभिहस्तांतरण करून देण्याचे बंधन विकसकावर घातले. ते इतके सर्रास मोडले गेले, की शेवटी २००८ साली कायदा दुरुस्त करून 'मानीव अभिहस्तांतरणा'ची तरतूद करावी लागली. म्हणजे विकसक जे देत नाही ते त्याने दिले आहे असे शासनाने मानायचे, आणि त्यासाठी अर्ज, नकाशे, वकील यांचा खर्च पुन्हा रहिवाशांनी करायचा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने काही चांगले केले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. घेणाऱ्यांच्या पैशांतील सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागता येतात. पण आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे होत नाही. वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तेथून तहसीलदाराकडे, आणि एकेका टेबलावर ते किती दिवस विसावते हे तेथे खेटे घालणाऱ्यालाच ठाऊक.

साथींनो, हे शहर वसवताना कामगाराला बाजारात एकटे सोडायचे नाही, असाच विचार होता, याची आठवण आज फारशी कोणाला नाही. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले ते येथील औद्योगिक कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून. त्यासाठी आसपासच्या गावांच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. पुढे त्यांपैकी किती कामगारांच्या हाती राहिले, हे निगडीच्या रस्त्यांवरून फिरताना ज्याचे त्याने पाहावे. ज्यांच्या जमिनी गेल्या ते शेतकरी साडेबारा टक्के परताव्यासाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले, आणि २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित झाले. ज्यांच्यासाठी ते होते ते कामगार दरम्यान गुंठे शोधत तळवडे-चिखलीकडे सरकले होते. माझ्या मित्राच्या साठेखताची सुरुवात खरे म्हणजे तेथे आहे. या उलट गोरेगावला मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या मार्फत नागरी कमाल जमीन धारणा कायद्याखालची अतिरिक्त जमीन शासनाकडे मागितली, त्यासाठी वर्षानुवर्षे भांडण केले, आणि दिंडोशीला हजारो कुटुंबांची घरे उभी राहिली. तेथे घेणारा एकटा नव्हता. तो कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला, त्यामुळे तीच वाट आज तशीच चालता येणार नाही, हेही समजून घेतले पाहिजे.

मग मागायचे काय? मालकीची हमी शासनाने द्यावी, ही मागणी मला योग्य वाटते. जो दस्तावर शुल्क घेतो त्याने दस्त खोटा निघाल्यास भरपाईही द्यावी. तथापि येथे एक सावधगिरीची सूचना करतो. आंध्र प्रदेशाने मालकीनिश्चितीचा कायदा केला होता. अधिकाऱ्याच्या एका सहीने आपली जमीन जाईल अशी भीती लोकांत पसरली आणि २०२४ साली नव्या सरकारने तो कायदा रद्दच केला. ती भीती सर्वस्वी खोटी होती असे म्हणवत नाही. हमी हवी, पण निवाडा अधिकाऱ्याच्या मर्जीवर नको आणि न्यायालयाचे दार बंद नको. हा मसुदा आपल्या वकील साथींनी बसून तयार करावा. दुसरी मागणी सोपी आहे. रेड झोन, पूररेषा, आरक्षणे यांचे नकाशे महापालिकेत असतात आणि दुय्यम निबंधकाकडे नसतात. दस्त नोंदवतानाच त्या सर्व्हे नंबरावर कोणते निर्बंध आहेत याचा शेरा घेणाऱ्याच्या हातात पडला पाहिजे, मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात. याला नवा कायदा लागत नाही. एका खात्याने दुसऱ्या खात्याला नकाशे द्यावे लागतात.

आणि कायदा होईपर्यंत? आपल्या कार्यालयात दर रविवारी सकाळी दहा ते एक कागद तपासून देण्याचे काम सुरू करावे, असा माझा प्रस्ताव आहे. दोन वकील साथींनी वेळ देण्याचे कबूल केले आहे. घर घेणाऱ्याने विसार देण्याआधी यायचे, दिल्यानंतर नव्हे. येताना सातबारा किंवा मिळकत पत्रिका, त्यावरील फेरफारांच्या नोंदी, आधीच्या दस्ताची सूची क्रमांक दोन, बांधकाम परवानगीची प्रत आणि इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र आणायचे. परवानगीची प्रत विकसकाने दिलेली चालणार नाही. ती महापालिकेकडून, लागल्यास माहितीच्या अधिकारात, आपण स्वतः मागवू. शुल्क काही नाही. फक्त एक नियम असावा: कागद पूर्ण वाचल्याशिवाय आपल्या कोणाही कार्यकर्त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही.

येत्या रविवारी माझा मित्रही येणार आहे. त्याच्या पट्ट्याच्या हद्दीची मोजणी नेमकी कोठून झाली आणि त्याचा गुंठा खरोखर तिच्या आत येतो की कडेला, हे आम्ही गेल्या वीस वर्षांत कधी पाहिलेच नाही. नकाशाची प्रत मिळण्यासाठी अर्ज मागच्या आठवड्यात केला आहे. त्यावर त्याची सही आहे आणि खाली माझी.